खोटे रक्त आणि खरी साक्ष

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

सूरह यूसुफमध्ये दोन सदऱ्यांची हकीकत आली आहे. पहिला सदरा भावांनी आपल्या वृद्ध पित्यापुढे, माननीय याकूब (अलै.) यांच्यापुढे, आणून ठेवला. त्यावर रक्त लागलेले होते. लांडग्याने यूसुफला खाल्ले, असे ते रडत सांगत होते. दुसरा सदरा अझीझच्या घरातला. तो मागून फाटलेला होता, आणि त्या फाटण्यानेच यूसुफ (अलै.) यांचे निरपराधित्व सिद्ध केले.

दिव्य कुरआन पहिल्या सदऱ्यावरील रक्ताला 'खोटे रक्त' म्हणतो (१२:१८). या शब्दयोजनेवर क्षणभर थांबावे. मुफस्सिरांच्या मते ते कोण्या जनावराचे रक्त होते. म्हणजे रक्त म्हणून ते खरेच होते. त्याचा रंग खरा होता, ओलावा खरा होता. खोटा होता तो त्याचा दावा. जे रक्त ज्याचे नव्हते, ते त्याचे म्हणून पुढे केले गेले. वस्तू स्वतः कधी खोटे बोलत नाही. ती पुढे करणारा माणूस खोटे बोलतो. आणि मुफस्सिर असेही सांगतात की, याकूब (अलै.) यांनी सदरा उलगडून पाहिला तेव्हा तो कोठेही फाटलेला नव्हता. मुलाला फाडून खाणारा लांडगा सदऱ्याला मात्र जपतो, हे त्या पित्याला पटले नाही. त्यांनी पुरावा नाकारला नाही. तो नीट वाचला.

आजच्या एका प्रश्नाचा विचार या दोन सदऱ्यांच्या प्रकाशात करावयाचा आहे. नशेच्या अमलाखाली वाहन चालविल्याचा संशय ज्याच्यावर आहे, त्याच्या शरीरातून रक्ताचा नमुना घेतला जातो आणि प्रयोगशाळेत त्यात दारू किंवा अमली पदार्थ आहेत काय, हे शोधले जाते. या रक्तचाचणीविषयी आपल्या घरांतून एक शंका अनेकदा ऐकू येते. अल्लाह सत्तार आहे, दोष झाकणारा आहे. इस्लामने दुसऱ्याची पापे हुडकण्यास मनाई केली आहे, स्वतःच्या पापाचीही वाच्यता करू नये असे शिकविले आहे. मग आपल्या मुलाचे पाप जगापुढे आणणारे रक्त आपणच का द्यावे? शक्य असेल तर ते टाळू नये काय?

ही शंका उथळ नाही. तिच्या मुळाशी शरीअतचे एक अस्सल तत्त्व आहे. म्हणूनच तिचे उत्तरही शरीअतमधूनच काढले पाहिजे.

नशेची ओळख

प्रथम हे पाहू की, नशा म्हणजे काय. माननीय उमर (रजि.) यांनी मिंबरवरून दिलेल्या एका खुतब्यात 'खम्र'ची व्याख्या केली. त्यांनी द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव या पदार्थांची नावे घेतली खरी, परंतु शेवटी सारे एका कसोटीवर आणून ठेवले: जे बुद्धीला झाकून टाकते ते खम्र. ही नोंद बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पदार्थ कोणत्या झाडाचा, तो प्यायला की ओढला की टोचून घेतला, यावर हुकूम अवलंबून नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक नशा आणणारी वस्तू खम्र ठरविली आणि जिचे अधिक प्रमाण नशा आणते तिचे अल्प प्रमाणही निषिद्ध ठरविले. गांजा, चरस, अफू यांची गणना दारूत होत नाही, म्हणून त्यांना सूट आहे असे समजणाऱ्यांनी ही कसोटी ध्यानात घ्यावी.

सूरह अन्‌-निसाच्या ४३व्या आयतीत तर याहून सूक्ष्म गोष्ट आहे. दारू पूर्णपणे निषिद्ध होण्यापूर्वीचा तो आदेश. नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका, आणि ही मनाई केव्हापर्यंत, तर आपण काय बोलतो आहोत हे समजू लागेपर्यंत. येथे किती पेले घेतले हे विचारलेले नाही. माणूस आपल्या शब्दांचा धनी आहे काय, एवढेच विचारले आहे. ज्याला आपल्या मुखातील शब्दांचे भान नाही, त्याला नमाजच्या सफेत उभे राहण्याचा अधिकार नाही. मग ज्याला आपल्या हातातील चक्राचे आणि पायाखालील ब्रेकचे भान नाही, त्याला रस्त्यावर उतरण्याचा अधिकार कोठून असणार? नमाजमध्ये चुकीचा शब्द गेला तर हानी त्याची स्वतःची. रस्त्यावर चुकीचे वळण गेले तर हानी दुसऱ्याच्या लेकराची.

उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आलेल्या एका हदीसमध्ये नशा आणणाऱ्या वस्तूबरोबरच 'मुफत्तिर'चीही मनाई आहे, म्हणजे जी वस्तू अंग शिथिल करते, हातपाय ढिले पाडते तिची. मालिकी पंथाचे थोर विद्वान इमाम कराफी (रह.) यांनी आपल्या 'अल्‌-फुरूक' या ग्रंथात नशा आणणारे, झोप आणणारे आणि बुद्धीत बिघाड करणारे असे पदार्थांचे तीन वर्ग पाडून प्रत्येकाचा हुकूम वेगळा सांगितला आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या रस्त्यावर तंतोतंत लागू पडते. कारण आज चालकाची शुद्ध हरविणारी वस्तू दारूच असेल असे नाही. ती झोपेची गोळी असू शकते, कोडीन घातलेले खोकल्याचे औषध असू शकते, सर्दीवरची गुंगी आणणारी साधी गोळीही असू शकते.

रक्त काय सांगते आणि काय सांगत नाही

आपल्या देशाच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दोन वेगवेगळे अपराध सांगितले आहेत. दारूसाठी आकडा आहे: १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक. अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नाही. तेथे विचारले जाते ते एवढेच की, वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका त्या पदार्थाचा अंमल चालकावर होता काय. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

दारू श्वासात उतरते, म्हणून श्वासचाचणी यंत्र तिला रस्त्यावरच पकडते. गांजाचा, अफूचा किंवा झोपेच्या गोळीचा माग त्या यंत्राला लागत नाही. तेथे रक्तच घ्यावे लागते. नमुना घेण्यापूर्वी त्वचा पुसण्यासाठी स्पिरिट वापरावयाचे नसते, कारण त्यातील मद्यार्क नमुन्यात मिसळू शकतो. ज्या कुपीत रक्त घेतले जाते तीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते. एकाने रक्त नासत नाही, दुसऱ्याने ते गोठत नाही. कुपीवर नाव, दिनांक, वेळ आणि सही, वर मोहोर, आणि मग न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवानगी. मुंबईतील कलिना येथे अशी प्रयोगशाळा आहे. तेथे आधी प्राथमिक चाचणी होते. ती पदार्थाच्या कुळाकडे बोट दाखवते, पण मिळत्याजुळत्या रचनेच्या औषधाने ती फसूही शकते. म्हणून तिच्यावर न थांबता मिश्रणातील घटक वेगळे करून प्रत्येकाचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर खात्री करून घ्यावी लागते.

एवढे झाल्यावरही रक्त सारेच सांगत नाही. गांजातील नशेचा घटक ओढल्यानंतर काही तासांतच रक्तात झपाट्याने कमी होतो. त्याचे निकामी अवशेष मात्र नित्य सेवन करणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडू शकतात. म्हणजे लघवीची चाचणी फार तर 'याने केव्हातरी घेतले' असे सांगेल. 'वाहन चालविताना हा नशेत होता' असे सांगू शकणार नाही. रक्त त्या क्षणाच्या अधिक जवळ असते, तरीही पदार्थाचे अस्तित्व आणि पदार्थाचा अंमल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ पासून गांजासाठी एक लिटर रक्तात २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. जर्मनीने २०२४ मध्ये रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये ३.५ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरविली. एक देश संपूर्ण रक्तात मोजतो, दुसरा रक्तद्रवात. आकडे माणसांनी ठरविलेले आहेत आणि ते बदलतात. शुद्धीत असण्याचे कर्तव्य मात्र बदलत नाही.

पडदा कोठपर्यंत?

आता मूळ शंकेकडे वळू. सूरह अल्‌-हुजुरातच्या १२व्या आयतीत हेरगिरीची मनाई आहे. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये माननीय उमर (रजि.) यांचा एक प्रसंग दिला आहे. रात्रीच्या गस्तीत ते भिंतीवरून एका घरात उतरले आणि तेथे पाप चाललेले पाहिले. घरमालकाने उत्तर दिले की, आपला अपराध एक आहे, पण खलीफांचे तीन: त्यांनी हेरगिरी केली, दाराऐवजी भिंतीवरून आले आणि परवानगी व सलामशिवाय आत शिरले. खलीफांनी ते मान्य केले आणि ते परतले. बंद दारामागील पाप हा दास आणि त्याचा रब यांच्यातील मामला आहे. तेथे पडदा आहे आणि तो पडदा अल्लाहने टाकलेला आहे.

परंतु फकीहांनी हक्कांचे दोन प्रकार केले आहेत: हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क; आणि हुकूकुल इबाद, म्हणजे दासांचे हक्क. पहिल्याची क्षमा तौबाने मिळते. दुसऱ्याची तौबा तोवर पुरी होत नाही, जोवर ज्याचा हक्क मारला त्याला तो परत मिळत नाही किंवा तो क्षमा करीत नाही. पाप झाकण्याची शिकवण पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्याच्या रक्तावर, मालावर, अब्रूवर पडदा टाकण्याचा अधिकार अपराध्याला नाही आणि त्याच्या बापालाही नाही.

नशा केलेला माणूस घरात पडून आहे तोवर त्याचे पाप पहिल्या प्रकारात मोडते. त्याने किल्ली फिरविली आणि वाहन रस्त्यावर आणले, त्याच क्षणी ते दुसऱ्या प्रकारात गेले. आता तो घराच्या भिंतीआड नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि रस्त्यावरून इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक अंश असल्याचे प्रेषित (स.) यांनी शिकविले आहे. काटा उचलणे हा ईमान असेल, तर बेशुद्ध हातातील वाहन थांबविणे काय असेल याचा विचार वाचकांनीच करावा. म्हणून रस्त्यावरील चालकाची वाजवी संशयावरून झालेली तपासणी ही हेरगिरी नव्हे. भिंत चढून कोणी आत आलेले नाही. पापच भिंतीबाहेर आले आहे.

शरीराची साक्ष

कोणी म्हणेल की, माणसाला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला लावणे योग्य आहे काय? भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाने हे संरक्षण दिलेच आहे. परंतु मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे देणे आणि तोंडाने कबुली देणे यांत फरक केला. पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने औषध टोचून माणसाला बोलते करण्याची पद्धत संमतीशिवाय वापरता येणार नाही असे ठरविले. म्हणजे जीभ जबरीने हलविता येत नाही; शरीरावर जी खूण आहे ती मात्र पाहता येते. रक्ताचा नमुना देण्यास वाजवी कारणाविना नकार दिला, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०५ नुसार तो नकारही चालकाविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा मानता येतो.

आपल्याला हा भेद परका वाटू नये. सूरह यासीनच्या ६५व्या आयतीत अंतिम निवाड्याचे जे दृश्य आहे, त्यात तोंडांवर मोहोर लागते आणि हात बोलतात, पाय साक्ष देतात. सूरह हा-मीम अस्‌-सज्दामध्ये कान, डोळे आणि कातडी साक्ष देते, आणि माणूस आपल्याच कातडीला विचारतो की, तू माझ्याविरुद्ध का बोललीस? शरीर हे आपल्या मालकीचे नाही. ते अमानत आहे आणि एक दिवस ते आपल्या खऱ्या मालकापुढे बोलणार आहे. प्रयोगशाळेतील कुपीची मोहोर फोडता येईल, तिच्यावरचे नाव बदलता येईल. त्या दिवशीच्या मोहोरेला हात लावणारा कोणी नसेल.

शरीराच्या खुणेवरून निवाडा करण्याची उदाहरणे सहाबांच्या काळातही आहेत. हिम्स येथे माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सूरह यूसुफचे पठन करीत असता एका माणसाने आक्षेप घेतला; त्याच्या तोंडाला दारूचा वास येत असल्याचे त्यांना आढळले आणि त्यांनी त्याला शिक्षा दिली. माननीय उस्मान (रजि.) यांच्यापुढे एकाने दारू ओकल्याची साक्ष आली, तेव्हा प्यायल्याशिवाय कोणी ओकणार नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी 'अत्‌-तुरुकुल हुक्मिय्या' या ग्रंथात हे तत्त्व विस्ताराने मांडले की, जे सत्य उघड करते तेच 'बय्यिना', म्हणजे पुरावा, तो केवळ साक्षीदारांच्या संख्येत अडकलेला नाही. त्यांचा एक दाखला यूसुफ (अलै.) यांच्या मागून फाटलेल्या सदऱ्याचाच आहे.

निरपराध्याचा हक्क

पण येथेच फकीहांची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. इमाम मालिक (रह.) यांनी विश्वासू साक्षीदारांनी सांगितलेला वास पुरावा म्हणून मान्य केला, हनफी आणि शाफई पंथांनी केवळ वासावर हद्दची शिक्षा देण्यास नकार दिला. त्यांचे कारण असे की, त्या माणसाने दारू पाणी समजून तोंडात घेऊन थुंकली असेल, कोणी जबरीने पाजली असेल, किंवा एखाद्या फळाच्या रसाचा तसाच वास येत असेल. शंकेचा फायदा आरोपीला द्यावा हा फिक्हचा मान्य नियम आहे. आजचा प्रयोगशाळेतील तज्ज्ञ प्राथमिक चाचणीवर न थांबता दुसरी खात्रीची चाचणी करतो, तेव्हा त्याच खबरदारीचे तो पालन करीत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

चाचणी केवळ पकडण्यासाठी असते असेही नाही. माइज (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांच्यापुढे येऊन एका गंभीर पापाची कबुली दिली, तेव्हा ते शुद्धीवर आहेत काय याची चौकशी झाली आणि एकाने उठून त्यांच्या तोंडाचा वास घेतला, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. ती तपासणी आरोपीच्या बचावाच्या शक्यतेसाठी होती. आजही अपघातानंतर जमाव ज्याच्यावर तुटून पडतो, तो टेम्पोचा किंवा ट्रकचा गरीब चालक पुष्कळदा पूर्ण शुद्धीत असतो. गर्दीच्या आरोळ्यांपुढे त्याच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार उरतो: त्याचे स्वतःचे रक्त. म्हणून कायद्याने चालकालाही हक्क दिले आहेत. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत झाली पाहिजे. न झाल्यास तिला कोठडीतून सोडावे लागते. ज्याच्या घरी वाहनचालक आहे, त्याने हा नियम ठाऊक करून घ्यावा.

अमानतीची साखळी

या दोन तासांमागे शरीराचा एक नियम आहे. रक्तातील दारू साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम या वेगाने घटते. अपघाताच्या वेळी १०० मिलिलीटर रक्तात ९० मिलिग्रॅम असेल, तर चार तासांनी ती ३० वर येईल आणि सहा तासांनी जवळजवळ काहीच उरणार नाही. म्हणजे खोटे बोलण्यासाठी रक्त बदलावेच लागते असे नाही. नुसता वेळ काढला तरी पुरते. सूरह अल्‌-बकराच्या २८३व्या आयतीने साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरविले आहे. साक्ष वितळून जाईपर्यंत वाट पाहत बसणे हेही लपविणेच होय.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने एका दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. पुढे जो आरोप झाला त्याने सारा महाराष्ट्र हादरला. मुलाचा रक्ताचा नमुना बाजूला सारून त्याच्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवले गेले आणि त्यासाठी पैसे दिले गेले, असा तो आरोप आहे. डॉक्टरांना अटक झाली. त्याचा निवाडा न्यायालय करील. आपण कोणाला दोषी ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्या आरोपात जे कृत्य सांगितले आहे, त्याचे नाव सूरह यूसुफमध्ये आधीच लिहिलेले आहे: खोटे रक्त. फरक एवढाच की, तेथे मुलांनी बापाला फसविण्यासाठी ते आणले होते. येथे मुलासाठी मोठ्यांनी ते आणले असे म्हटले जाते.

आईची माया कोणाला कळत नाही? पण ही माया कोठे उभी राहते ते पाहिले पाहिजे. सूरह अन्‌-निसाची १३५वी आयत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्यास सांगते, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, मातापित्यांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध का असेना. आणि माणूस श्रीमंत असो की गरीब. मख्झूम कबिल्याच्या प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली तेव्हा तिच्यासाठी रदबदली करायला प्रेषित (स.) यांचे लाडके उसामा (रजि.) पुढे आले. प्रेषित (स.) नाराज झाले. त्यांनी सांगितले की, आधीचे समाज याच कारणाने नष्ट झाले, ते थोरांना सोडून देत आणि दुबळ्यांना शिक्षा करीत, आणि स्वतःच्या कन्येचे, माननीय फातिमा (रजि.) यांचे नाव घेऊन त्यांनी स्पष्ट केले की, तिच्याबाबतही निवाडा हाच असता. यापुढे कोणत्या बापाची कोणती सबब उरते?

मुलाला मदत करू नये काय? अवश्य करावी. आपला भाऊ जुलमी असो की पीडित, त्याला मदत करावी, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले तेव्हा सहाबांनी विचारले की, जुलमी असेल तर मदत कशी? उत्तर मिळाले की, त्याचा हात जुलमापासून रोखावा, हीच त्याची मदत. अपघातानंतर मुलाजवळ बसावे, त्याच्यासाठी चांगला वकील द्यावा, त्याच्यासह रडावे, त्याला तौबाकडे न्यावे, मृतांच्या घरी मान खाली घालून जावे. परंतु ज्या दोन घरांतील दिवे विझले त्यांचा सत्यावरील हक्क मारू नये. ज्या मुलाला खोट्या रक्ताने वाचविले, त्याला आपण हेच शिकविले की, माणसाचा जीव पैशाने फिटतो.

नमुना हाताळणारा प्रत्येक जणही या मामल्यात अमानतदार आहे: रक्त काढणारी परिचारिका, सही करणारा डॉक्टर, कुपी नेणारा शिपाई, यंत्रावर बसलेला रसायनतज्ज्ञ. सूरह अन्‌-निसाच्या ५८व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदारांना पोचविण्याचा आदेश आहे. आपली कितीतरी मुले-मुली आज रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत काम करतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की, कुपीवर खरी वेळ लिहिणे हीसुद्धा शहादत आहे आणि अल्लाहकडे तिची नोंद होते.

आपल्या घरांसाठी काही गोष्टी

औषधाच्या वेष्टनावर गुंगी येण्याची सूचना असेल तर ते घेऊन वाहन चालवू नये. आजारात असे औषध घेण्याचे पाप नाही. पण ठाऊक असून चाक हाती धरण्याची जबाबदारी आहे. अजाणता झालेल्या चुकीचे पाप माफ असले, तरी दुसऱ्याच्या हानीची भरपाई माफ होत नाही, हा फिक्हचा नियम आहे. चुकून घडलेल्या हत्येबाबतही सूरह अन्‌-निसाच्या ९२व्या आयतीत मृताच्या वारसांना दियत आणि वर कफ्फारा सांगितला आहे; तो शक्य नसेल तर लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे. चुकीची ही किंमत असेल, तर नशेत जाणूनबुजून उचललेल्या जोखमीची किती असेल? १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने शरीअतशी विसंगत नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे धार्मिकदृष्ट्याही वाजिब असल्याचे ठरविले आहे.

काही जण विचारतात म्हणून सांगतो: रक्ताचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही. हनफी पंथाप्रमाणे वुजू जातो, म्हणून नमाजपूर्वी तो पुन्हा करावा; आपले कोकणातील शाफई बांधव मानतात त्या पंथाप्रमाणे वुजूही जात नाही. रोजा आहे ही नमुना नाकारण्याची सबब होऊ शकत नाही.

याकूब (अलै.) यांनी खोटे रक्त ओळखले, पण ते त्यांच्या हाती आले तेव्हा यूसुफ (अलै.) विहिरीत होते आणि बाप काहीच करू शकत नव्हता; 'सब्रे जमील' एवढाच आधार त्यांना होता. आजही एखाद्या घरी असा बाप, अशी आई बसलेली असते. तिचा मुलगा कामावरून घरी परतत होता आणि परतला नाही. तिला बदला नको असतो. काय घडले ते खरे कळावे, एवढेच हवे असते. ते खरे एका कुपीत असेल, तर ती कुपी जपणे हे त्या आईवरचे उपकार नव्हेत. तो तिचा हक्क आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या बुद्धीचे आणि हातांचे रक्षण करो, आपल्याला स्वतःविरुद्धही सत्य बोलण्याचे बळ देवो, आणि ज्या दिवशी कातडी बोलेल त्या दिवशी आपली कातडी आपल्याला खाली पाहायला न लावो. आमीन.